रिमोटचा आकडा चाळीस

विमान फेकायचं काम माझं. पठाराच्या कडेपासून चार पावलं अलीकडं उभं राहायचं, विमान त्याच्या पोटाखाली धरून डोक्याच्या वर घ्यायचं, वारा तोंडावर सरळ येतोय का बघायचं, आणि आमच्या मालकांनी मागून "सोड" म्हटलं की पुढं ढकलून द्यायचं. वर फेकायचं नाही, खालीही नाही. जेवायला बसलेल्या माणसापुढं ताट सरकवावं, तसं सरळ.

त्याला इंजिन नसतं. दरीतून वारा वर चढतो, त्या वाऱ्यावर ते तरंगतं. मालक मागं रिमोट धरून उभे असतात. रिमोटला दोन दांड्या आहेत. त्या अंगठ्यानं हलवल्या की पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या वर-खाली होतात आणि विमान वळतं. फेकून झालं की माझं दुसरं काम सुरू होतं. विमान उतारावर पडलं तर शोधून आणायचं. करवंदीच्या जाळीतून वर येईपर्यंत हातावर ओरखडे आणि गुडघ्यात कळ. पहिली काही वर्षं काही वाटलं नाही. आता रविवार जवळ आला की गुडघे आधीच आठवण करून देतात.

मालक फौजेतून हवालदार म्हणून सुटले. शेवटची काही वर्षं ते कॉलेजच्या मुलांना कवायत शिकवायच्या कामावर होते. तिथं मुलांना अशी विमानं बनवायला शिकवायचे. तिथून हे वेड घरी आलं. आमचं गाव मेढ्याच्या बाजूला. घराच्या मागून पठारावर पाऊलवाट जाते. पावसाळा सोडला तर दुपारनंतर पश्चिमेचा वारा दरीतून वर यायला लागतो, तेव्हा दर रविवारी आम्ही दोघं वर जातो. गावानं सुरुवातीला मजा केली. "हवालदार म्हातारपनी बायकूला घिऊन पतंग उडवाय चाललं," असं पारावरून ऐकू यायचं. मी पदर ओढून खाली बघत पुढं व्हायचे. नंतर त्यांना सवय झाली.

रिमोटवर हाताच्या दोन बोटांएवढा पडदा आहे. मालकांना जवळचं दिसत नाही आणि चष्मा लावून विमान दिसत नाही, म्हणून पडद्यावरचं काम माझ्याकडं आलं. मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं मला लागत नाहीत. पण कोणतं बटण किती वेळा दाबलं की कोणती पाटी येते, ते हातांना पाठ झालं. आकडे तर आकडेच असतात.

"दाब. खाली. अजून खाली. काय आलं?"

"ऐंशी."

"शंभर कर."

त्या आकड्याला ते रेट म्हणतात. शंभर म्हणजे दांडी पूर्ण ढकलली की पट्टी पूर्ण हलणार. पन्नास केला तर दांडी तेवढीच ढकलली तरी पट्टी निम्मी हलणार. त्याच्या खाली दुसरा आकडा असतो, एक्स्पो. तो मला बरेच दिवस समजला नाही. मग एकदा मालक म्हणाले, "जुन्या येष्टीचं स्टेरिंग बघितलंस न्हवं? डायवर सारखा हिकडं-तिकडं हलवत असतोय, पर गाडी सरळच जाती. मधी ढिलं, कडंला घट्ट. एक्स्पो म्हंजे त्येच. जितका वाढवशील तितकं मधी ढिलं."

मेढ्याहून साताऱ्याला जाताना मी किती वेळा ड्रायव्हरच्या मागं बसून ते बघितलं होतं. हात सारखे हलतात, गाडी मात्र सरळ.

हात थरथरायला लागले ते पहिल्यांदा बशीत कळलं. चहा ओतताना बशी कपाला वाजायला लागली. हात मांडीवर असला की काही नसायचं. काही धरलं, उचललं, की थरथर सुरू. लेक सांगलीला दिलेली आहे. तिनं तिकडच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी कागद दिला आणि आतून बाहेर गोल गोल जिलेबी काढायला सांगितली. मालकांनी काढली. जिलेबीला करवतीसारखे दाते आले. डॉक्टर म्हणाले, जिवाला काही नाही, पण हे जाणार नाही. वाढलं तर हळूहळू वाढेल, कधी कधी वाढतही नाही. एक गोळी लिहून दिली. वाढलं तर फोन करा म्हणाले.

त्यानंतर मालकांनी एकेक गोष्ट सोडली. सोडली असं कधी म्हणाले नाहीत. लग्नात पंगतीला बसेनात, "पोट जड हाय" म्हणायचे. दुसऱ्याच्या घरी चहा घेईनात. दाढी न्हाव्याकडं सुरू झाली. पोस्टात सही जुळेना. तिथल्या माणसानं तीनदा सही करायला लावली आणि मग शाईचं पॅड पुढं सरकवलं. मालकांनी अंगठा दिला. घरी येऊन मोरीत बसले आणि राखेनं अंगठा घासत राहिले. शाई गेली तरी घासत होते. मी चूल पेटवत होते, बघितलं नाही असं केलं.

राहिलं पठार. तिथं कुणी चहा देत नाही, कुणी सही मागत नाही. विमान वर असलं की सगळ्यांची नजर वर असते, हाताकडं कुणी बघत नाही.

पण विमानानं दाखवायला सुरुवात केली. सरळ जाताना पंख डुलायला लागले, नको नको म्हटल्यासारखे. मालक म्हणाले, "वारा फाटलाय." पुढच्या रविवारी पुन्हा, "वारा फाटलाय." माझ्या तोंडावर वारा अगदी सरळ येत होता. मला बोलायची सवय कमीच.

आठवड्यात एका दुपारी रिमोट चार्जिंगला लावताना मी पाटी उघडली आणि रेट शंभरवरून ऐंशीवर आणला. एक्स्पो वीस होता, तो तीस केला. चोरी केल्यासारखं, दाराकडं बघत बघत. रविवारी विमान फेकलं. ते सुतासारखं सरळ गेलं. मालकांनी ते बराच वेळ वरच फिरवत ठेवलं. मग म्हणाले, "आज वारा बरा हाय."

त्यांचा आवाज असा मोकळा बऱ्याच दिवसांनी ऐकला. घरी आल्यावर त्यांनी स्वतःहून दुसरी भाकरी मागितली.

सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सांगायचं म्हणजे हात हा शब्द तोंडातून काढावा लागला असता. तो शब्द आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. आणि सांगितल्यावर ते पठारावर येतील की नाही याची खात्री नव्हती. मालकांचा स्वभाव तसा. त्यांना सांभाळून घेतलेलं कळलं, की ते ती गोष्टच सोडून देतात.

असे दोन-तीन महिने बरे गेले. मग पंख पुन्हा डुलायला लागले. मी आकडा बघितला, ऐंशीच होता. म्हणजे थरथर वाढली. दुसरं काय समजणार? मी पासष्ट केला, एक्स्पो चाळीस. काही आठवडे ठीक, मग पुन्हा तेच. पन्नास. पुन्हा तेच. लेकीला फोनवर सांगितलं, वाढतंय. तिनं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गोळी दोन वेळ केली. त्या गोळीनं मालकांना दिवसभर पेंग यायला लागली. ओट्यावर बसल्या बसल्या मान खाली यायची. म्हशीला पेंड घालायला निघायचे आणि गोठ्याच्या दारात कशाला आलो म्हणून उभे राहायचे. मी पेंडीची टोपली उचलून स्वतःच घालायचे. भाकरी, म्हैस, पाणी, रान, रविवारचा उतार आणि वर हा आकडा. रात्री पाठ टेकली की अंग गळून पडल्यासारखं व्हायचं. माणसाला कामानं येतो त्यापेक्षा लपवण्यानं जास्त थकवा येतो, हे मला तेव्हा समजलं.

शेवटी आकडा चाळीसवर आला, एक्स्पो साठवर. मी मनाशी ठरवलं होतं की याच्या खाली जायचं नाही. तीसवर विमान वळणारच नाही. वाऱ्यात गेलं तर दरीतच जाईल. म्हणजे पुढच्या वेळी पंख डुलले की मला तोंड उघडावं लागणार, आणि मग पठारही संपणार. दर रविवारी फेकताना मी मनात म्हणायचे, आजचा दिवस जाऊ दे.

त्याच काळात एक बारीक गोष्ट झाली, तिच्याकडं मी नीट बघितलं नाही. पंखाच्या पट्टीला प्लास्टिकचा एक उभा तुकडा चिकटवलेला असतो. त्याला एकाखाली एक चार भोकं. पट्टी हलवणाऱ्या, विमानातल्या छोट्या मोटरीची तार त्यातल्या एका भोकात अडकवलेली असते. ती तारेची बाजू मालकांची, मी तिथं हात लावत नाही. एकदा विमान पुसताना तो तुकडा कुरतडल्यासारखा दिसला, दोन्ही पंखांचा. मला वाटलं, उंदीर. विमान ठेवतो त्या माळ्यावर मी पिंजरा लावला, त्यात भाकरीचा तुकडा ठेवला. उंदीर काही सापडला नाही. मालकांनी पिंजरा बघितला आणि विचारलं, "ह्यो कशाला?" मी म्हटलं, "उंदीर खातोय इमान." ते तसेच बाहेर निघून गेले.

मग तो रविवार आला. कराडचे मास्तर आले होते. ते मुलांना मशीनवरचं काम शिकवायचे, आता रिटायर आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी मोटारसायकलच्या मागं विमान बांधून पठारावर येतात. माणूस चांगला, पण तोंड थांबत नाही. त्यांच्या बरोबर आणखी दोघे आले होते, बघायला. मी लांब दगडापाशी उभी. मास्तरांशी मी तोवर "चहा घ्या" याच्या पलीकडं काही बोलले नव्हते.

मास्तरांनी सहज मालकांचा रिमोट हातात घेतला. दांडी हलवून बघितली, विमानाच्या पट्टीकडं बघितलं, बटणं दाबली आणि भुवया वर केल्या.

"हवालदार, हे काय? रेट चाळीस? एक्स्पो साठ?"

आता मालक म्हणणार, मी नाही केलं. मग सगळे माझ्याकडं बघणार.

मालकांनी मास्तरांकडं बघितलं. मग एकदा माझ्याकडं. मग म्हणाले, "मीच केलंय."

"चाळीसवर विमान उडवताय का बैलगाडी हाकताय?" मास्तर त्या दोघांकडं बघून हसले. "फौजेत बंदूक चालवली, का नुसती पुसली वो? आनि एवढ्या वाऱ्यात चाळीसवर गेलं तर परत वळायचं न्हाई ते. थांबा, नीट लावून देतो. शंभर, एक्स्पो वीस. माझं बी तेवढंच हाय."

मालक एवढंच म्हणाले, "लावा."

मास्तरांनी आकडे बदलले आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. मी विमान उचललं, कडेला गेले, डोक्याच्या वर धरलं. आणि मला ते हातात कळलं. विमानाच्या पोटातून माझ्या तळहाताला टकटक लागत होती. मालकांचा अंगठा थरथरत होता आणि पट्ट्या त्याबरोबर आपटत होत्या. कोंबडी हातात धरल्यावर तिचं काळीज लागतं, तशी टकटक. तोवर कधी एवढी लागली नव्हती.

"सोड," मालक मागून म्हणाले.

मी थांबले. मागं वळून "नको" म्हणता आलं असतं. "गुडघा धरला" म्हणता आलं असतं. मास्तर आणि ते दोघे बघत होते.

"सोड की," ते पुन्हा म्हणाले.

मी सोडलं. विमान दहा-बारा पावलं पुढं गेलं आणि भेलकांडायला लागलं. पाण्याबाहेर टाकलेल्या माशासारखं एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. मालकांनी सावरायला जास्त दांडी दिली असावी. ते पाठीवर उलटं झालं आणि सरळ खाली करवंदीत गेलं. मोडल्याचा आवाज वर आला, वाळकी फांदी मोडावी एवढाच.

मग मास्तर हळू म्हणाले, "वारा लय फाटलाय आज." त्यांची नजर मालकांच्या हातावर होती आणि ती त्यांनी लगेच काढून घेतली. पठारावर इतके दिवस जे कुणी बघितलं नव्हतं, ते त्या दहा-बारा पावलांत सगळ्यांनी बघितलं.

"व्हय," मालक म्हणाले. रिमोट गळ्यात अडकवून ते उताराकडं चालायला लागले. उतरणं माझं काम होतं. मी मागून "आवं, म्या जाते" म्हणाले. ते थांबले नाहीत. मीही त्यांच्या मागं उतरले.

विमान जाळीत अडकलं होतं. एक पंख मधून दुमडलेला. मालकांनी फांद्या बाजूला धरल्या आणि मी ते बाहेर काढलं. बॅटरीची तार सोडवायला हात घातला, तेव्हा पट्टीचा तो तुकडा माझ्या डोळ्यांसमोर आला. तार अगदी खालच्या, पट्टीला लागून असलेल्या भोकात होती. ती वरच्या भोकात असायची, एवढं मला ठाऊक होतं. पहिल्यांदा बसवली तेव्हा विमान धरायला मीच होते.

"ही तार हितं कवा आली?" मी विचारलं.

मालक दगडावर बसले. म्हणाले, "म्याच घातली. इमान ढिलं पडाय लागलं. दांडी पुरी ढकलली तरी वळंना. वाटलं, अंगठ्यातली ताकद चालली. म्हनून एकेक भोक खाली आनत गेलो, शेवटी ह्या खालच्या. तितं पट्टी जास्त हलती."

"आन ह्ये कुरतडलेलं?"

"पक्कड सटकायची सारखी." ते हसल्यासारखं करून म्हणाले, "दुपारभर बसायचो एका तारंला. तू रानात गेल्यावर. आन तू वर पिंजरा लावलास."

मी उभीच होते. मला ते समजायला वेळ लागला. मी आकडा कमी केला की विमान ढिलं पडायचं. ते तार खाली सरकवायचे. पट्टी पुन्हा जास्त हलायची, पंख पुन्हा डुलायचे. मला वाटायचं, थरथर वाढली. मी पुन्हा आकडा कमी करायचे. एकाच मोटेला दोघांनी दोन बाजूंनी ओढल्यासारखं चाललं होतं. मी समजत होते त्यांचा हात चालला, ते समजत होते त्यांची ताकद चालली. आणि मी लेकीला फोन करून गोळी वाढवून घेतली होती.

"आकडा म्या कमी करत हुते," मी म्हणाले.

"मास्तर चाळीस म्हनले तवाच कळलं. त्या रिमोटला हात लावनारी घरात दोनच मानसं. म्या तर लावला न्हवता."

"मग मीच केलं का म्हनला?"

"तुला चौघांत बोलाय लागलं असतं."

खाली दरीत कुणाची तरी शेरडं ओरडत होती. मालक म्हणाले, "सांगायचं हुतंस मला."

"सांगितलं असतं तर वर आला असता का?"

त्यांनी करवंदीचं एक पान तोडून ते बोटांत धरलं आणि ते हलताना बघत राहिले. लपवलं नाही. मग मी म्हणाले, आणि हे मी आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच म्हणाले, "मी लय दमले."

"दिसतंय," ते म्हणाले. "मी बी."

वर येताना विमान त्यांनी घेतलं. आम्ही तीनदा थांबलो. मास्तर कडेला येऊन उभे होते. त्यांनी हात पुढं केला आणि मालकांनी तो धरला.

पुढच्या आठवड्यात आम्ही सांगलीला गेलो. डॉक्टरांनी पुन्हा जिलेबी काढायला लावली आणि जुना कागद शेजारी ठेवला. बराच वेळ दोन्ही बघितले. म्हणाले, "यात फारसा फरक नाही. वाढलं म्हणून कुणी सांगितलं?" लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी पायाकडं. मालक म्हणाले, "इमानानं." डॉक्टरांना ते काही समजलं नाही. त्यांनी गोळी पहिल्यासारखी एक वेळ केली. येताना एसटीत मालक खिडकीला डोकं टेकून जागे होते. ड्रायव्हरचे हात हलत होते, गाडी सरळ चालली होती.

पंख फोम चिकटवायच्या गोंदानं आणि चिकटपट्टीनं जोडला. तार पुन्हा वरच्या भोकात घातली. ती मी घातली, ते सांगत होते. मग आकडे लावायला आम्ही अंगणात बसलो. मालक रिमोट धरून जोत्यावर आणि मी समोर विमान मांडीवर घेऊन. एका हाताच्या दोन बोटांत पट्टी हलकी धरली. ते दांडी मधेच धरून ठेवायचे, काही करायचे नाहीत. थरथर जेवढी होती तेवढी माझ्या बोटांना कळायची.

"किती लागतंय?"

"लागतंय अजून."

मी उठायचे, त्यांच्या हातातल्या रिमोटवर आकडा खाली आणायचे, परत येऊन बसायचे. एक्स्पो वर, रेट खाली. मग ते दांडी पूर्ण ढकलायचे आणि मी बघायचे, पट्टी वळण्याइतकी हलते की नाही. कमी हलली तर रेट परत थोडा वर. असं उठबस करून माझी कंबर भरून आली. शेजारीण कुंपणावरून विचारत होती, "काय वो, इमान आजारी हाय व्हय?" मालक म्हणाले, "न्हाई, मालक आजारी हाय. इमान बरं हाय." ती हसली. मीही तोंडाला पदर लावला.

सत्तरला आणि पंचावन्नला टकटक जवळजवळ थांबली. पूर्ण नाही. माझ्या बोटाला कळेल इतकी राहिली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे तेवढी."

त्यानंतरच्या रविवारी मास्तर पुन्हा आले, एकटेच. मला वाटतं, मुद्दाम आले. जवळ येऊन घुटमळले. विमान बघितलं, जोडलेल्या पंखावरून बोट फिरवलं. रिमोटला हात लावला नाही.

"बरं जोडलंय," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "किती ठेवलाय रेट?"

मालक माझ्याकडं वळले. "मला दिसत न्हाई तितलं. हात बी ऐकत न्हाई. हिनं लावलाय. हिलाच इचारा."

वारा कानात वाजत होता. मास्तर माझ्याकडं बघत होते. मला खाली बघायचं होतं, तसं बघितलंही. पण बोलले. "सत्तर. एक्स्पो पंचावन्न."

मास्तरांनी मान हलवली. "आनि तार, वहिनी?"

"वरच्या भोकात."

"बरोबर हाय," ते म्हणाले. एवढंच. मशीनवरच्या माणसाला म्हणतात तसं.

मी विमान उचललं. हाताला बारीक टकटक लागली, ओळखीची. "सोड" म्हटल्यावर सोडलं. ते थोडं डुललं, पण गेलं. वळलं, परत आलं, पुन्हा गेलं. पूर्वीसारखं सुतात नाही, पण मालकांनी वाऱ्याचं नाव काढलं नाही. उतरवताना मात्र कड चुकली आणि ते कडेच्या खाली, गवतात पडलं.

मी पदर खोचला आणि निघाले. मालक म्हणाले, "तू बस." रिमोट त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि काठी घेऊन स्वतः उतरले. मास्तर त्यांच्या मागं गेले.

रिमोट आधी बंद करायचा नसतो. विमानाची बॅटरी काढेपर्यंत तो चालू ठेवावा लागतो, नाहीतर पट्ट्या खाली मनाला येईल तशा हलतात आणि मोटर जळते. मी दगडावर बसून राहिले. गुडघे सरळ केले. दांड्यांना हात लावला नाही. पडद्यावर आकडे दिसत होते. मालकांचं डोकं करवंदीत दिसायचं, पुन्हा नाहीसं व्हायचं. ते हळू उतरत होते आणि मला कसलीच घाई नव्हती. किती वर्षांनी मी पठारावर अशी बसले होते, मला आठवेना.

खालून मालकांची हाक आली, "काढली गं."

मी रिमोट बंद केला.